सूर्य मावळत नसेल तर थांबायचे कुणी ठरवायचे?

परदेशात नोकरीला गेलेली आपली मुले-सुना आता सुट्टीत सायकल आणि तंबू घेऊन बाहेर पडू लागली आहेत. इकडे आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. पैसे देऊन हाल कशाला विकत घ्यायचे, असेही काही जण विचारतात. आम्हांला तसे वाटत नाही. नवरा-बायकोने दोन-तीन आठवडे स्वतःच्या पायांच्या बळावर फिरणे चांगलेच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. आज किती किलोमीटर जायचे हे बहुतेक वेळा नवरा ठरवतो आणि त्याची किंमत बायकोचे शरीर मुकाट्याने मोजते.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांचेच पाहा. सायकलवाल्या जोडप्यांची ही आवडती वाट. बोडोहून बोटीने मोस्केनेसला उतरायचे आणि तेथून स्वोल्व्हेरपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. एकीकडे समुद्र, दुसरीकडे उभे डोंगर, मध्ये मासे वाळवायचे लाकडी मांडव. मुक्कामाचीही फारशी चिंता नाही. १९५७च्या कायद्याने तेथे लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर कुणालाही तंबू ठोकता येतो, जमीन कुणाची हे विचारावे लागत नाही. राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहायचे आणि वस्तीच्या आसपास एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचे तर परवानगी घ्यायची, एवढेच. (ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांनी हे कलम सावकाश वाचावे.) गर्दीच्या काही जागी मात्र स्थानिक बंदी असते, म्हणून फलक पाहून घ्यावेत.

आता खरी गोष्ट. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. आपल्याकडे अंधार पडला की माणूस आपोआप थांबतो. तेथे रात्री अकरालाही ऊन असते, जमीन मोकळी असते, मग "आणखी वीस किलोमीटर मारू" असे म्हणायला काय लागते? रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या आम्हा परिचारिकांना उजेडातली झोप ठाऊक आहे. तास भरतात, थकवा जात नाही. म्हणून ऊन असो नसो, घड्याळ पाहून तंबू लावावा, डोळ्यांवर पट्टी बांधून झोपावे.

बायका काय सांगत नाहीत, तेही लिहिले पाहिजे. वाटेत शौचालय नाही म्हणून त्या पाणीच कमी पितात, लघवी तासन्‌तास धरून ठेवतात आणि चौथ्या दिवशी जळजळ सुरू होते. सीट रुंदीला जुळत नसेल तर मांड्यांच्या मध्ये कातडे सोलवटते, नाजूक जागा बधिर होते. हे नवऱ्यालाही सांगायची लाज वाटते! लाजू नये. बधिरपणा आला की उतरावे, सीटची उंची आणि कल बदलून पाहावा, तरी थांबत नसेल तर सीटच बदलावी. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मुंग्या आल्यासारखे झाले, तर हँडलवर दाबून धरलेल्या तळहातात नस दबते आहे. पकड बदलत राहावी.

थंडी हा तेथला मोठा धोका. भर उन्हाळ्यातही पारा दहा-बारा अंशांवर असतो, त्यात पाऊस आणि समुद्रावरचा वारा. चढावर घाम येतो, उतारावर तोच घाम गारठवतो. सुती बनियन अंगावर ओले राहते, लोकरीचे बरे. जोडीदार कुडकुडतो आहे, बोटांनी साखळी ओढता येत नाही, बोलणे अडखळते आहे असे दिसले, तर पुढचे गाव गाठण्याचा विचार सोडून आडोसा गाठावा. ओले कपडे उतरवावेत, कोरडे चढवावेत, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. कुडकुडणे आपोआप थांबले आणि माणूस सुस्त झाला, तर ते बरे वाटण्याचे लक्षण मुळीच नाही. लगेच ११३ला फोन करावा, तो तेथल्या रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. आणि ऊब मिळावी म्हणून बंद तंबूत गॅसची शेगडी पेटवू नये. त्या धुराला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आमचे म्हणणे असे की दोघांपैकी जो हळू चालवतो, त्याने आदल्या रात्री उद्याचा आकडा सांगावा. दुसऱ्याने तो कमी करावा, वाढवू नये. जड सामान ताकदवानाच्या सायकलवर, आणि पाळीच्या दिवसांत सुट्टी हवी असेल तर ती निघण्याआधीच तारखांत धरावी. बसमध्ये जागा असेल तर तेथे सायकलही चढवू देतात. ते तिकीट काढायला बायकोने नवऱ्याच्या होकाराची वाट पाहू नये.