लेणी दिल्लीची, यात्रा मुंबईची. मग वेरूळ कुणाचे?

‘संघराज्य’ हा शब्द आपल्याकडे बहुधा भांडणाच्या वेळीच आठवतो. दिल्लीत एका पक्षाचे आणि मुंबईत दुसऱ्या पक्षाचे सरकार आले, की राज्यांच्या स्वायत्ततेचे पोवाडे सुरू होतात. दोन्हीकडे एकच रंग असला, की तेच शाहीर डफ खाली ठेवून स्वस्थ बसतात. विद्वानांच्या परिसंवादांत कीस पडतो तो राज्यपाल, राष्ट्रपती राजवट आणि करांतील वाटा या तीनच मुद्द्यांचा. घटनेने केलेली अधिकारांची वाटणी सामान्य माणसाच्या दारात उतरते तेव्हा तिचे काय होते, हे पाहण्याची ज्यांना खरोखर इच्छा असेल त्यांनी खुलताबाद तालुक्यातील वेरूळ गावी एक फेरी मारावी.

श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या रांगेत उभा असलेला भाविक हा घटनेच्या दृष्टीने राज्याचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सातव्या क्रमांकावर देशांतर्गत तीर्थयात्रा नोंदलेली आहे. त्याला लागणारे पाणी, स्वच्छता आणि रांगेवर लक्ष ठेवणारा पोलीस हेही राज्याचेच. हा भाविक ज्या भिंतीला हात टेकवतो ती भिंत मात्र केंद्राची. मंदिर राष्ट्रीय संरक्षित स्मारक असल्याने ते केंद्रसूचीतील 67 व्या नोंदीखाली, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. आणि तो दानपेटीत जो रुपया टाकतो, तो धार्मिक संस्था व विश्वस्तनिधी या सदरात, म्हणजे समवर्ती सूचीच्या 28 व्या नोंदीत जमा! एका माणसाच्या एका दर्शनात तीनही सूच्या पुऱ्या होतात. काही झाले तर दाद कुणाकडे मागायची, हे त्या बिचाऱ्याला कुणीही सांगत नाही.

राष्ट्रीय वास्तू केंद्राच्या हाती असाव्यात की नाही, हा येथे वादाचा विषयच नाही. त्या असायलाच हव्यात. वेरूळची लेणी एके काळी होळकरांच्या अमलाखाली होती, तेव्हा तेथील पूजेच्या आणि प्रवेशशुल्काच्या हक्काचा लिलाव होत असे. पुढे ती निजामाकडे गेली. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद मुक्त झाले आणि 1951 च्या कायद्याने संस्थानी मुलखातील महत्त्वाची स्मारके राष्ट्रीय ठरून भारत सरकारच्या छत्राखाली आली. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी डोंगर वरून खाली कोरत उतरवलेले कैलास मंदिर काय, किंवा शेजारी शतकानुशतके नांदणारी बौद्ध आणि जैन लेणी काय, त्यांवर कोण्या एका प्रांताने मालकी सांगणे हास्यास्पद ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना नि:संदिग्धपणे सांगितले होते, की भारतीय संघ हा राज्यांनी आपसांत केलेल्या कराराने जन्माला आलेला नाही. राज्ये ही कारभाराच्या सोयीसाठी आहेत आणि देश अखंड आहे. स्वायत्ततेच्या नावाखाली फुटीचे बीज पेरणाऱ्यांनी हे भाषण पुन:पुन्हा वाचावे.

पण केंद्र बलवान असणे म्हणजे गावच्या घरदुरुस्तीचा निकालही दिल्लीने करणे नव्हे. 2010 साली सुधारलेल्या स्मारक कायद्याने संरक्षित वास्तूभोवतीचे किमान 100 मीटर ‘निषिद्ध’ आणि त्यापुढचे 200 मीटर ‘विनियमित’ ठरवले. निषिद्ध टापूत नवे बांधकाम नाही. सार्वजनिक हिताचे असले तरी नाही. तेथे 16 जून 1992 पूर्वीचे घर असेल तर त्याच्या दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो अर्ज दिल्लीतील राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाणार आणि तेथून अभिप्राय परतल्यावर मगच परवानगीचा विचार. पावसाळ्याआधी भिंत सावरू पाहणाऱ्या गृहस्थाने पर्जन्यराजाला थांबवून ठेवायचे काय? हा कायदा कुणी दुष्टबुद्धीने केला असे नाही. देशभर स्मारकांच्या उरावर इमारती चढत होत्या, त्यांना वेसण घालणे आवश्यकच होते. परंतु कैलासाला बाधा आणणारा मजला आणि जुन्या घराची सावरलेली भिंत यांतला फरक ओळखायला दिल्लीची दुर्बीण कशाला हवी? 2018 च्या जानेवारीत लोकसभेने या निर्बंधात ढील देणारे विधेयक संमत केले, तर ती ढीलही केंद्राने स्वत: पैसा घालून करावयाच्या कामांपुरतीच! राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले.

आता मुंबईकरांनी मिशीतल्या मिशीत हसण्याचे कारण नाही. अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानकडून कर्ज आले, पहिला टप्पा 1992 चा, दुसरा 2003 चा. ते केंद्रामार्फत आले, कारण घटनेच्या 293 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याला देशाबाहेर कर्ज उभारता येत नाही. म्हणजे पत केंद्राची. त्या पैशांतून दोन्ही ठिकाणी उभी राहिलेली भव्य पर्यटक केंद्रे 2013 मध्ये सुरू झाली, ती राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे. पुढे अजिंठ्याच्या केंद्राला वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांनी ग्रासले. येथे कोणत्या दिल्लीकराने हात धरला होता? वेरूळातच मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवछत्रपतींच्या आजोबांचे हे स्थान राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे; तेथे केंद्राची आडकाठी नाही, 67 वी नोंद नाही. लेण्यांपुढे गाड्यांतून उतरणाऱ्यांपैकी किती जणांना राज्य सरकार त्या गढीपर्यंत घेऊन जाते? महाराष्ट्राच्या अस्मितेवर भाषणे ठोकणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. (नावाच्या बाबतीतही तोच प्रकार. शहराच्या नव्या नावाला केंद्राची संमती फेब्रुवारी 2023 मध्ये आली, रेल्वे स्थानकावर ते नाव चढायला 2025 उजाडले. दोन सरकारे, दोन फायली!)

या ओढाताणीत तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे वेरूळची ग्रामपंचायत. लेण्यांचे 40 रुपयांचे तिकीट भारताच्या संचित निधीत जमा होते. उपाहारगृहाच्या बिलावरील वस्तू व सेवा कर निम्मा दिल्लीला आणि निम्मा मुंबईला. यात्रेनंतर मागे उरणारा कचरा मात्र अविभाज्य. तो सगळा गावाचा. 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली आणि तीत पाणी, स्वच्छता, बाजार, जत्रा असे 29 विषय पंचायतींसाठी मांडले. ते प्रत्यक्षात द्यायचे किती, हे 243-छ ने विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. ‘दिल्ली आमचे हक्क देत नाही’ म्हणून गळा काढणारी राज्ये स्वत: गावाशी कशी वागतात, हे पाहिले की स्वायत्ततेच्या या कैवाऱ्यांचा ढोंगीपणा उघडा पडतो. वरच्याकडे हात पसरायचे, खालच्यासमोर मूठ वळायची! ज्या राष्ट्रकूटांनी कैलास कोरवला त्यांच्या राज्यात राष्ट्रपती आणि विषयपती यांच्या खाली ग्रामकूट असे आणि गावच्या कारभारात त्याच्या शब्दाला वजन होते. ‘राष्ट्रकूट’ हे नावच मुळात एका प्रादेशिक अधिकाऱ्याच्या पदावरून आले आहे. साम्राज्य काही त्यामुळे दुबळे झाले नव्हते.

यावर घटनादुरुस्तीचा घाट घालण्याची गरज नाही. अनुच्छेद 49 राष्ट्रीय वास्तूंच्या रक्षणाचे कर्तव्य ‘राज्यसंस्थे’वर टाकतो आणि 12 व्या व 36 व्या अनुच्छेदांनुसार या शब्दात केंद्र, राज्ये आणि स्थानिक प्राधिकारी हे सारेच येतात. वेरूळची ग्रामपंचायतदेखील! अनुच्छेद 258 प्रमाणे राष्ट्रपती राज्याच्या संमतीने केंद्राची कामे राज्याकडे किंवा त्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतात. उलट दिशेने राज्याची कामे केंद्राकडे सोपवण्यासाठी 1956 साली 258-क आला. लेण्यांच्या जतनाचा अधिकार पुरातत्त्व विभागाकडे अबाधित ठेवून घरदुरुस्ती, यात्रेची तात्पुरती व्यवस्था आणि वाहनतळ यांचा निर्णय जिल्हाधिकारी, पुरातत्त्व अधिकारी आणि सरपंच यांनी एका टेबलावर बसून, ठरलेल्या मुदतीत करावा, एवढीच मागणी आहे. दुरुस्तीच्या परवानगीपुरती स्मारक कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल, ती संसदेने करावी. आणि तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा ज्या गावाच्या शिवारात लेणी आहेत त्या गावाकडे वळवण्याची तरतूद अर्थसंकल्पात करण्यास घटनेचे कोणतेही कलम आड येत नाही. यासाठी पहिला प्रस्ताव मुंबईहून जायला हवा. मराठवाड्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात सरकारला एवढेच विचारावे, की 258 खाली वेरूळसाठी असा प्रस्ताव दिल्लीकडे कधी पाठवला काय, आणि नसेल तर तो कोणत्या तारखेला पाठवणार?