भगत तो, भुताळी ती

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भगताला मान असतो. तो झाडपाला देतो, मंत्र घालतो, दाणे बघून दुखण्याचं कारण सांगतो. असलंच काही बाईला येतं असा नुसता संशय आला, की तिच्यासाठी शब्द वेगळा: भुताळी.

‘भगत’ आला ‘भक्त’वरून, ‘भुताळी’ ‘भूत’वरून. आता ‘भूत’ म्हणजे मुळात काय? झालेलं, अस्तित्वात आलेलं. पंचमहाभूतांत आणि भूतदयेत तोच शब्द आहे. उगमात विष नाहीच. विष आहे ते हा शब्द कोण कुणाला लावतो त्यात. पुरुषावर असा आळ येतच नाही असं नाही. पण विधवा, एकटी, जमिनीचा तुकडा राखून असलेली बाई लवकर सापडते. आणि भुताळी कोण, हे सांगतो कोण? भगतच!

शहरातल्यांनी नाक मुरडू नये. आपल्याकडे सून ‘पांढऱ्या पायाची’ असते, ‘अवदसा’ असते. अवदसा म्हणजे अवदशा, वाईट दशा. दशा घराची फिरते, नाव बाईला पडतं.

१९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला हा भाग दिसला. मूल गेलं की बाईसाठी शब्द तयार असतो. रस्ता न करणाऱ्याला, धान्य न पोचवणाऱ्याला कोणता शब्द आहे? ‘भुताळी’ हा शब्द त्यांच्या फार सोयीचा आहे.

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, करणी करते असं म्हणून एखादीचं जगणं मुश्कील करणाऱ्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद होऊ शकते. पण कायदा तक्रारीनंतर येतो. शब्द त्याच्या कितीतरी आधी घरात शिरलेला असतो.

‘आमची परंपराच तशी’ म्हणाल, तर त्याच परंपरेत धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न लावणारी, गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई. लग्नातल्या गाण्यांना जुन्या मराठीत धवळे म्हणत. तेराव्या शतकात महदाइसेने ते रचले. धवलेरी त्याच घरातला शब्द. बाईच्या तोंडच्या शब्दात ताकद असते हे मांडवात मान्य, आणि मूल तापाने फणफणलं की त्याच ताकदीची भीती!

पुढच्या वेळी कुणी ‘भुताळी’ म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा: पोराचं वजन किती होतं? अंगणवाडीत आहार शेवटचा कधी आला? दवाखान्यात डॉक्टर होता का?