चिकटलेलें कसें सोडवावें?

लग्नसराई संपत आली कीं दारोदारच्या मोटारींवर एक विशिष्ट प्रकारची अवकळा दिसूं लागते. वधूवरांचीं नांवें, कागदी गणपति, हार हालूं नयेत म्हणून लावलेल्या चिकटपट्ट्या, हें सारें वरातीच्या दिवशीं शोभतें. परंतु तें ओढून काढल्यावर मागें जो करडा, चिवट, धूळ धरणारा थर राहतो त्याचें काय करावें, हें सजावट करणारा सांगत नाहीं आणि आपणहि विचारीत नाहीं. निवडणुकीनंतर पक्षचिन्हांची गतहि अशीच होते. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला एकाच कारणानें प्राप्त झाला आहे: हें काम कसें करूं नये, तें मीं स्वतःच्या हातानें करून पाहिलें आहे.

सन २०१९ च्या मे महिन्यांत माझ्या कन्येचा विवाह येथेंच, गारखेड्यांत झाला. पाठवणीसाठीं माझ्या धाकट्या बंधूनें आपली मोटार दिली. ती घेऊन त्याला पुरते तीन महिनेहि झाले नव्हते, आणि आमच्या घराण्यांतील ती पहिलीच मोटार. तिच्या बॉनेटवर उभयतांचीं नांवें चिकटविलीं गेलीं. पाठवणी झाली, पाहुणे पांगले, आणि मोटार आमच्या दारापुढें तीन दिवस भर उन्हांत तशीच उभी राहिली. चवथ्या दिवशीं ती स्वच्छ करून परत द्यावी, अशा सद्बुद्धीनें मी बादली, भांडीं घासण्याची तारेची घासणी आणि दाढीचें पातें घेऊन बाहेर गेलों. अर्ध्या तासांत नांवें निघालीं. ओल्या पत्र्यावर कांहीं दिसेना. परंतु पाणी वाळल्यावर तेथें वीतभर लांबीचा पांढुरका, ओरखड्यांचा पट्टा उमटला. बंधूनें तो पाहिला आणि "असूं दे दादा, मोटारच आहे ती," एवढेंच तो म्हणाला. तो रागावला असता तर मला अधिक बरें वाटलें असतें.

माझा एक जुना विद्यार्थी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत रंगकाम करतो. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हां त्यानें मास्तरांचीच शाळा घेतली. मोटारीचा रंग हा एक लेप नसून थरांची उतरंड असते: पत्रा गंजूं नये म्हणून विजेच्या साह्यानें बसविलेलें अस्तर, त्यावर दुसरें अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक लेप. हे सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी. त्यांतील वरचा लेप तर ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे सामान्यतः आपल्या केंसाहूनहि बारीक. मोटारीची चकाकी आणि उन्हापासून रंगाचें रक्षण, दोन्ही त्या लेपावर अवलंबून. मीं जें खरवडलें तें हेंच.

चिकटपट्टी आणि मोटारीचा रंग यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेंत शंभर वर्षांपूर्वीं दुरंगी मोटारींची हौस फैलावली. एक रंग देतांना दुसरा भाग झांकण्यासाठीं कारागीर कागद चिकटवीत, आणि तो काढतांना ताजा रंगहि बरोबर निघून येई. मिनेसोटा प्रांतांतील थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन अशा एका कारखान्यांत गेला असतां त्यानें कारागिरांचा त्रागा ऐकला. पुढें १९२५ मध्यें त्यानें बेतानें चिकटणारी आणि रंग न दुखवितां सुटणारी पट्टी तयार केली. आज घरोघरीं दिसणारी पारदर्शक चिकटपट्टी त्यानेंच १९३० मध्यें काढली. चिकटणें सोपें; वेळीं सुटणें कठीण, हें त्यानें ओळखलें होतें.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. प्रथम मोटार सावलींत घ्यावी, पत्रा निवूं द्यावा आणि ती जागा साबणाच्या पाण्यानें धुवावी. धूळ म्हणजे बारीक वाळूच; तिच्यावरून फडकें फिरविणें म्हणजे पॉलिश पेपर फिरविणें होय.

कागद किंवा पट्टी अद्याप निघाली नसेल तर तिला ऊब द्यावी. केंस वाळविण्याचें यंत्र वीतभर अंतरावरून हलतें ठेवावें. पत्र्यावर हात ठेववेल इतकीच ऊब पुरे. मग एक कोपरा नखानें उचलून, पट्टी मागें दुमडून, पत्र्यालगत सावकाश ओढावी. वर हिसका दिल्यास कागद फाटतो आणि गोंद खालींच राहतो. उचलण्यास पातें, सुरी कांहीं नको. जुनें प्लास्टिकचें कार्ड चालतें.

राहिलेला गोंद हा बहुधा रबराच्या किंवा ॲक्रिलिकच्या जातीचा असतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून बादल्या ओतणें व्यर्थ. खोबरेल तेलांत भिजविलेला कापसाचा बोळा त्यावर दहा-पंधरा मिनिटें ठेवावा. तेल मुरलें कीं गोंदाची पकड सैल होते. मग मऊ सुती फडक्यानें तो अलगद पुसून घ्यावा. फडक्याची घडी वारंवार बदलावी, नाहींतर निघालेला गोंद पुढें फांसला जातो. एका वेळीं न निघाल्यास पुन्हा तेल लावावें, जोर लावूं नये. फारच चिवट असेल तर निलगिरीचें तेल थोडेसें वापरावें. परंतु आधीं दाराच्या आंतील कडेला लावून पाहावें, काम होतांच धुवून टाकावें, आणि तें ज्वालाग्राही असल्यानें तें यंत्र त्या वेळीं जवळ नसावें.

थिनर आणि नखांचा रंग काढण्याचें द्रव्य यांस मोटारीजवळ फिरकूं देऊं नये; त्यांनीं वरचा लेप मऊ पडून बिघडतो. पेट्रोलची वाफ पेटते, शिवाय दिव्यांवरील प्लास्टिकच्या झांकणांस तें धुरकट करतें. नुकताच पुन्हा रंग दिलेल्या भागावर तर महिनाभर असला कोणताच प्रयोग नको.

शेवटीं साबणाच्या पाण्यानें तेल धुवावें आणि मोटारीच्या मेणाचा एक हात द्यावा. एवढ्यानंतरहि अक्षरांची छाया दिसत राहिली तर तो गोंद नव्हे. भोंवतालचा रंग उन्हानें फिकटला आणि झांकलेला तसाच राहिला, हें तिचें कारण. ती घासून जाईल या आशेनें घासूं नये. सर्वांत उत्तम म्हणजे, चिकटविलेलें त्याच सायंकाळीं काढावें; उन्हाचा एकेक दिवस गोंदास पक्का करतो.

त्या दिवशीं मीं पातें टाकलें तेव्हां मागील दारावरील एक पट्टी राहिली होती. आमच्या मंडळींनीं "अहो, तुम्ही बसा आतां," म्हणून मला बाजूस केलें आणि खोबरेलाची वाटी आणली. पाव तासांत तेथें कांहीं होतें याचा मागमूसहि उरला नाहीं. संस्कृतांत तेलाला 'स्नेह' म्हणतात, हें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें होतें.

पुढें दिवाळींत पॉलिश घेऊन मी बंधूच्या घरीं गेलों. सावलींत बसून दोघांनीं तो पट्टा घासला. बारीक ओरखडे गेले. ज्यांत नख अडकतें ते घासून जात नाहींत, असे दोन राहिले. ते अद्याप आहेत. बंधु त्यांविषयीं कधीं बोलत नाहीं, मीहि नाहीं. मात्र कुटुंबांत कोठें लग्न निघालें कीं मोटार सजविण्यापूर्वीं तो मला हटकून विचारतो, "दादा, खोबरेल आणलें ना?"