बाक गोळी अडवेल, रायफल कोण अडवणार?

अमेरिकेत गोळी अडवणारे फळे आणि बाक शाळांना विकले जातात. 2012 मध्ये सँडी हुक शाळेत 20 लहानग्यांचा जीव गेला, तेव्हापासून या मालाची चर्चा वाढली. आम्ही शिक्षक, मुलांच्या हिफाजतीची कोणतीही सोय हसण्यावारी नेणार नाही. पण यातले बरेच फळे पिस्तुलाची गोळी अडवतात, रायफलची नाही. सँडी हुकमध्ये मारेकऱ्याकडे रायफल होती. 2022 मध्ये टेक्ससमधल्या उवाल्डेच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, तिथेही रायफलच. ती मारेकऱ्यानं 18 वर्षांचा होताच कायद्यानं विकत घेतली होती. ती वाट मोकळी ठेवून वर्गात पोलादी बाक मांडणं म्हणजे सरकारनं आपली जिम्मेदारी मुलांवर ढकलणं.