चिप नाही? मग डोकं लावा!

व्हेप ओढणं कूल की फूल, या वादात मी आज पडणार नाहीये. आपल्याकडे त्यावर २०१९ मध्येच पडदा पडला. सप्टेंबरमध्ये वटहुकूम आला, वर्ष संपायच्या आत कायदा झाला आणि ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बंद. पण आपला अर्धा मित्रपरिवार न्यू जर्सी, डॅलस नाहीतर लंडनला! तिथे हे प्रकरण दुकानात मिळतं आणि त्यातले हौशी लोक थेट 'मेकॅनिकल मॉड'पर्यंत पोचतात.

हा मॉड म्हणजे काय? टॉर्च डोळ्यांसमोर आणा. धातूची नळी, आत सेल, एक बटण. फक्त बल्बच्या जागी तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. बटण दाबलं की सेलमधला करंट थेट कॉइलमध्ये. बस्स! साध्या व्हेपमध्ये मध्ये एक चिप बसलेली असते. शॉर्ट झालं, सेल फारच उतरला, बटण जास्त वेळ दाबलं गेलं, की ती सप्लाय तोडते. मॉडमध्ये ती नसतेच, आणि शौकिनांना नेमकं तेच आवडतं. बुलेटवाल्यांना सेल्फ-स्टार्टपेक्षा किक प्यारी असते ना, तसं. फक्त बुलेट कुणी तोंडात धरत नाही.

मग चिपचं काम कोण करणार? ज्याच्या हातात नळी आहे तो. त्यासाठी नववी-दहावीतला ओहमचा नियम पुरतो. व्होल्ट भागिले ओहम बरोबर अँपिअर. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर, चालेल. पण जास्त धुराच्या हौसेपायी लोक ०.१५ ओहमची कॉइल गुंडाळतात. करा भागाकार... २८ अँपिअर! चांगल्या कंपनीचा १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून हे नाव) सतत २० ते २५ अँपिअरपर्यंत देऊ शकतो, तोही त्या कामासाठी बनवलेला असेल तरच. शिवाय नुसता आकडा पाहून चालत नाही. बऱ्याच रॅपरवर छापलेला असतो तो क्षणभराचा 'पल्स' आकडा. पाहायचा तो सतत पेलणारा.

मर्यादा ओलांडली की सेल तापतो. त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी भडकते, तिच्यातून आणखी उष्णता. एका टप्प्यानंतर हे चक्र बटण सोडून थांबत नाही. गॅस बाहेर पडायला नळीला भोकं नसतील तर... दिवाळीत डब्याखाली सुतळी बॉम्ब लावलाय कधी?

मी उगाच घाबरवत नाहीये. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये अशाच, चिप नसलेल्या यंत्राचा स्फोट झाला. त्याचे तुकडे डोक्यात घुसून माणूस गेला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये व्हेप पेन फुटून एका चोवीस वर्षांच्या मुलाची मानेतली रक्तवाहिनी कापली गेली. तोही वाचला नाही.

मला त्याहून अस्वस्थ करतो तो खिशाचा आकडा. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन संस्थेने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ बातम्या तपासल्या. त्यातल्या ६१ वेळा यंत्र किंवा सुटा सेल नुसता खिशात होता. कोणी ओढत नव्हतं, चार्ज करत नव्हतं!

कारण साधं आहे. १८६५० चं वरचं बटण पॉझिटिव्ह आणि बाकीचं अख्खं अंग, अगदी वरच्या कडेपर्यंत, निगेटिव्ह. दोघांच्या मध्ये एक चकती आणि कागदासारखं पातळ रॅपर. ते टरकलं आणि शेजारी किल्ली किंवा दोन रुपयांचं नाणं आलं की शॉर्ट. माझा कॉलेजचा एक मित्र डॅलसला असतो. व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने त्याने पितळी नळी दाखवली आणि जीन्सच्या खिशातून, किल्ल्यांच्या जुडग्यासकट, सुटा सेल काढला. "अरे, तुला वेड लागलंय का?" मी विचारलं. "काही होत नाही गं," म्हणाला. सेलला प्लॅस्टिकची डबी मिळते, अगदी किरकोळ किमतीत. रॅपर फाटलं तर नवीन चढवता येतं, सेल ठेचला गेला असेल तर टाकून द्यायचा. हे सगळं मी त्याला ऐकवलं. डबी घेतली की नाही, देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आहे ना! हाच १८६५० आपल्या टॉर्चमध्ये असतो, कित्येक पॉवर बँकांमध्ये असतो आणि सुटाही विकला जातो. नामवंत कंपन्यांचे सेल ३५०० एमएएचच्या आसपास अडतात. मग ९९०० छापलेला, तोही स्वस्तात? सोडून द्या. जो कॅपॅसिटीत इतकं बिनधास्त खोटं बोलतो, तो अँपिअर काय खरे सांगणार? जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तर सरळच सांगितलं, सुटे १८६५० सेल घेऊ नका, वापरू नका. ते दुसऱ्या यंत्राच्या आत, सर्किटसकट बसवण्यासाठी बनवलेले असतात.

ड्रॉवरमध्ये असा एखादा पडलाच असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत नको. तो कचरा पुढे गाडीत दाबला जातो.