नकाशावरील शिक्का आणि त्यामागील दायित्व

१७ जुलै १९८१ रोजी संध्याकाळी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल एकावर एक कोसळले. ११४ माणसे प्राणास मुकली, दोनशेहून अधिक जखमी झाली. इमारत जेमतेम वर्षभराची होती. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. नकाशातला एक बदल तेवढा होता.

मूळ आराखड्यात दुसऱ्या व चौथ्या मजल्यावरील पूल छतापासून आलेल्या सलग गजांवर तोलायचे होते. त्यासाठी लांबलचक गजांना आटे पाडणे भाग होते. पोलादी भाग तयार करणाऱ्या कंपनीला ते गैरसोयीचे वाटले आणि एका गजाचे दोन झाले : एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा तेथून खाली. परिणामी खालचा पूल वरच्या पुलालाच लोंबकळू लागला व वरच्या तुळईखालील नटावर दुप्पट भार आला. सरकारी चौकशीत आढळले ते असे की, मूळचा जोडही नगराच्या नियमांना अपेक्षित असलेल्या भाराच्या सुमारे ६० टक्केच पेलू शकला असता. बदललेला जोड तर ३० टक्के. बदललेल्या नकाशांवर अभियंत्यांच्या कचेरीचा तपासणीचा शिक्का होता. जोडाचा हिशेब मात्र कोणीच केला नव्हता.

फौजदारी खटला कोणावरही झाला नाही. जोडांची रचना पोलादवाल्यानेच करावयाची हा धंद्यातला प्रघात आहे, असा अभियंत्यांचा बचाव होता. तो टिकला नाही. १९८५ मध्ये त्यांचा निष्काळजीपणा घोर ठरला व पुढे दोघांचे परवाने रद्द झाले. ज्याचा शिक्का त्याचे दायित्व, ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ.

आपल्याकडे उलटेच घडते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला. संरचना तपासणीत तो वापरास योग्य ठरवण्यात आला होता. तपासनीस व पालिकेचे काही अभियंते यांना अटक झाली. ती योग्यच होती. पण ज्या व्यवस्थेत सर्वांत कमी दराची निविदा भरणाराला काम मिळते, त्या व्यवस्थेला आरोपी करण्याची सोय दंडसंहितेत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हिशेब पुन्हा तपासण्याचा खर्च सल्लागाराच्या खिशातून जातो आणि न तपासण्याचा खर्च पुलावरून चालणारा भरतो. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दलची कमाल शिक्षा १ जुलै २०२४ पासून दोनऐवजी पाच वर्षे झाली. एवढ्याने हे गणित बदलत नाही.

घर घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने काही आधार दिला आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत संरचनेतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. पण स्लॅब भरताना खालची टेकणी निसटून जो मजूर मरतो, त्याच्यासाठी काय? १९९८ च्या बांधकाम कामगारविषयक केंद्रीय नियमांत वास्तुविशारद व आराखडाकार यांनी नियोजनाच्या वेळीच कामगारांच्या सुरक्षिततेचा योग्य विचार करावा, असे कर्तव्य घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ते आहे. शब्द आहेत ‘योग्य विचार’. विचार केला होता, असे प्रत्येकालाच म्हणता येते. (कामगार संघटनांचा या संहितांना असलेला विरोध रास्त आहे, तरीही हे कलम हातचे सोडण्याचे कारण नाही.)

आराखडा व बांधकाम एकाच कंत्राटात देण्याची पद्धत सार्वजनिक कामांत रूढ झाल्यापासून आराखडाकार हा कंत्राटदाराचाच पगारदार ठरतो. धन्याच्या सोयीच्या बदलाला नकार देण्याचे बळ त्याला कोठून येणार? म्हणून सार्वजनिक कामाच्या आराखड्याची तपासणी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून व्हावी, तिचे शुल्क सरकारने द्यावे, आणि काम चालू असताना झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, हिशेब व सहीसह, कामगारांच्या संघटनेला पाहावयास मिळावी, ही मागणी बांधकाम कामगारांच्या पुढील मागणीपत्रात आली पाहिजे.