उस्तादाचा हुकूम व विद्यापीठाची सनद

लष्कर, पोलीस व अग्निशमन दल यांतील जवानांच्या अंगी बळ आणण्याचे आणि ते टिकविण्याचे काम विद्यापीठात शास्त्र शिकलेल्या प्रशिक्षकांकडे सोपवावे, अशी सूचना कोणी केली की तिच्यावर आक्षेप घेणारी माणसे घरबसे टीकाकार नसतात. ज्यांनी उभी हयात कवायतीच्या मैदानावर काढली असे निवृत्त अंमलदारच त्यांत अग्रभागी असतात, आणि म्हणून त्यांच्या आक्षेपांची नुसती हेटाळणी करून भागण्यासारखे नाही. त्यांचे म्हणणे असे की, शिपाई घडतो तो उस्तादाच्या हुकमाने आणि रगड्याने. शिवछत्रपतींच्या मावळ्यांना पदवीधर प्रशिक्षक लाभले नव्हते म्हणून कोणता गड सर व्हावयाचा राहिला नाही. व्यायामाचे जे शास्त्र हल्ली बोकाळले आहे ते खेळाडूंसाठी आहे, आणि शिपाई हा काही खेळाडू नव्हे. शिवाय विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणाला स्नायूंची नावे पाठ असतील, पण पहाटे पाच वाजता दोनशे रंगरुटांपुढे उभा केला तर त्याचा आवाजच फुटणार नाही. हा शेवटचा आक्षेप बहुधा थोड्या कुचेष्टेने केला जातो. पण माझ्या मते सर्वांत वजनदार तोच आहे, म्हणून त्याचा परामर्श शेवटी घेतो.

प्रथम मावळ्यांचा दाखला. मावळ्याचा देह सह्याद्रीने घडविला होता. घाटाची चढउतार, डोक्यावरचे ओझे, नांगर आणि कुऱ्हाड यांची तालीम त्याच्या बाळपणापासून, कोणी उस्ताद नेमलेला नसताना, हळूहळू व अखंड चालू होती. आजचा उमेदवार मात्र दोन-तीन वर्षे तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसून लेखी परीक्षेची घोकंपट्टी करतो, पहाटे भरती अकॅडमीच्या मुलांबरोबर डांबरी सडकेवर धावतो, आणि निवड होताच त्याच्या पायांत बूट, खांद्यावर बंदूक व पाठीवर ओझे एकदम येऊन पडते. या दोघांना एकाच मापाने मोजणे हा मावळ्यांचा गौरव नसून त्यांच्या आयुष्यक्रमाविषयीचे अज्ञान आहे. आणि आपल्या परंपरेला शास्त्राचे वावडे होते, हे तरी कोणी सांगितले? कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या व्यायामाचे भारश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम असे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत, वाग्भटाने बलवान मनुष्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, असा दंडक घालून दिला आहे, आणि अगदी अलीकडे बडोद्यास मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. मात्रा, ऋतू, प्रकृती आणि क्रम यांचा विचार केल्यावाचून व्यायाम सांगू नये, हाच या सर्वांचा अभिप्राय आहे. परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनी ती निदान उघडून पाहावी.

रगडा ही गोष्ट मात्र या परंपरेतली नव्हे. रगडा हा मुळात दंड आहे. एकाने चूक केली म्हणून साऱ्या तुकडीला मैदानाभोवती पिटाळणे किंवा कोपरांवर सरपटविणे यामुळे शिस्त लागत असेल, हुकूम पाळण्याची सवय जडत असेल, आणि या दोन्ही वस्तू फौजेला अवश्य आहेत हे मी नाकारीत नाही. परंतु त्यामुळे बळ वाढते असे म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या खात्यांचा जमाखर्च एका वहीत मांडणे होय. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती नुसती सूज नसून हाडाला गेलेली बारीक चीर आहे, असे निष्पन्न झाले. याचे कारणही आज ठाऊक आहे. नवा भार पडला की हाड स्वतःची फेरबांधणी करू लागते, आणि या फेरबांधणीत जुना अंश आधी झिजून जातो व नवा मागाहून भरतो. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत ते पूर्वीपेक्षा दुबळे असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत उस्तादाचा उत्साह शिगेला पोहोचलेला असतो. जो रंगरूट नडगी धरून बसला त्याला कामचुकार ठरविण्याचा शिरस्ता सर्वच फौजांत जुना आहे. तो कामचुकार आहे की त्याच्या हाडाला तडा जाऊ पाहतो आहे, हे ओळखण्याची विद्या हुकमाने येत नाही. ती शिकावी लागते.

आता दुसरा आक्षेप, की हे शास्त्र खेळाडूंचे आहे. वस्तुस्थिती याच्या बरीचशी उलट आहे. क्रमाक्रमाने वजन वाढवीत जाण्याची जी पद्धत आज जगातील प्रत्येक व्यायामशाळेत रूढ आहे, तिला शास्त्राचे रूप दिले ते थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात, गुडघे व मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना. त्याचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी ही विद्या नंतर उचलली. अमेरिकेत विद्यापीठीय बलप्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली ती १९७८ साली, नेब्रास्कात. आणि पुढे तिनेच सैनिक, पोलीस व अग्निशामक यांच्यासाठी निराळी शाखा काढली. तेव्हा बलविद्या छावणीत परत येत असेल, तर ती आपल्या माहेरीच येत आहे.

तथापि या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे, आणि तो आक्षेपकांना जेवढा वाटतो त्याहून मोठा आहे. शिपाई खेळाडू नव्हे, हे खरेच. पैलवानाला कुस्तीची तारीख ठाऊक असते. त्या दिवशी अंगी जोर पुरता यावा म्हणून त्याचा वस्ताद महिनोन्महिने आधी हिशेब मांडतो, शेवटच्या दिवसांत मेहनत कमी करतो, खुराक बदलतो, झोप पुरी करवितो. अग्निशामकाची कुस्ती रात्री अडीचला, घंटा वाजल्यापासून मिनिटभरात लागते. तो गाढ झोपेतून उठून गाडीवर चढतो, पाठीवर श्वसनयंत्र व अंगावर जाड पोशाख घेऊन जिने चढतो, पाण्याने भरलेली नळी ओढतो आणि बेशुद्ध माणसाला उचलून आणतो. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळातील अग्निशामकांच्या कर्तव्यावरील मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एकतृतीयांश प्रत्यक्ष आग विझविताना झाले होते, आणि आग विझविण्यात त्यांच्या कामाचा वेळ जातो तो शेकडा १ ते ५. अशा माणसाला धावपटूचा तक्ता लावून भागत नाही, तसेच रंगरुटाचा रगडाही लावून भागत नाही. त्याची झोप मोडलेली असणार, जेवण वेळीअवेळी होणार आणि परीक्षेचा दिवस कधीच कळणार नाही, हे गृहीत धरून वर्षानुवर्षे त्याला सज्ज ठेवणे ही स्वतंत्र विद्या आहे. आणि ती स्वतंत्र असल्यामुळेच तिला विद्यापीठात स्वतंत्र आसन हवे. आक्षेपकांचे विधान मान्य केले की निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध निघतो, तो असा.

आपल्याकडे काय आहे? पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची: पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोंचा, स्त्रियांचा ४ किलोंचा. उमेदवारांच्या भाषेत एकदा ‘ग्राउंड निघाले’ की प्रश्न मिटला. त्यानंतरच्या तीसेक वर्षांच्या नोकरीत गणपतीच्या बंदोबस्तावर दिवसरात्र उभे राहून ज्याची कंबर धरते आणि पोट सुटते, त्या हवालदाराला गोळाफेकीचे गुण काय उपयोगी पडणार? उलट अमेरिकेतील अग्निशामकांच्या उमेदवारी चाचणीत सुमारे २३ किलोंचे जाकीट घालून जिना, नळी, शिडी, दार फोडणे, माणूस ओढणे अशी आठ कामे १० मिनिटे २० सेकंदांत करावी लागतात. चाचणी कामाच्या जवळ आणली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटांत ६६ अग्निशामक कामी आले, त्यांच्या स्मृतिदिनी दरसाल देशभर मानवंदना होते. त्यांच्या आजच्या वारसांच्या हृदयाची, गुडघ्यांची व पाठीची काळजी वाहण्याचे काम कोणाच्या नावावर लिहिले आहे, हे मात्र दप्तरात सापडत नाही.

शिक्षणाची साधने आपल्याकडे नाहीत असे नव्हे. अमरावतीची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था १९१४पासून उभी आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७पासून नागपुरात आहे. सैन्याची शारीरिक शिक्षणाची संस्था पुण्यात आहे. परंतु शारीरिक शिक्षणाची पदवी शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या अंमलाखाली असल्यामुळे तिचा रोख शाळामास्तर तयार करण्याकडे; पतियाळाची १९६१ची क्रीडासंस्था प्रशिक्षक घडविते ते एकेका खेळाचे; आणि अग्निशमनाचे शिक्षण यंत्रे, रसायने व नियम यांत गुंतलेले. तिघांची कुंपणे एकमेकांस लागून आहेत, आणि मधल्या जागेत जवान उभा आहे.

राहिला पुस्तकी पंडिताचा आक्षेप, आणि येथे मी आक्षेपकांच्या बराच जवळ जातो. नुसती पदवी पुरत नाही, याचा पुरावा अमेरिकेनेच दिला आहे. तेथील सैन्याने १९८०पासूनची जोर, आडवे पडून उठून बसणे व दोन मैल धावणे ही साधी चाचणी मोडून सहा प्रकारांची नवी चाचणी आणली. तिच्यातला दांडीला लोंबकळून गुडघे वर घेण्याचा प्रकार अनेकांना जमेना म्हणून त्याच्या जागी दुसरा घातला, आणि २०२५ साली आणखी एक प्रकार गाळून पाचांवर आणली. यावरून शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नाही, अशी मखलाशी करणारे करोत. मला यातून दिसते ते हे की चाचणी बदलणे सोपे, पण तिच्यासाठी माणूस तयार करणारा माणूस आधी पाहिजे. तेथील सैन्याला हे उमगले म्हणूनच त्याने ब्रिगेडांत बलप्रशिक्षक, भौतिकोपचारक व आहारतज्ज्ञ तैनात करण्याची योजना हाती घेतली.

म्हणून माझी मागणी अशी. पदवीच्या अभ्यासक्रमातील निदान एक वर्ष विद्यार्थ्याने अग्निशमन केंद्रात, पोलीस मुख्यालयात किंवा रंगरुटांच्या छावणीत काढावे; रात्रपाळी करावी, पोशाख व श्वसनयंत्र चढवून स्वतः जिने चढावे, आणि ज्या उस्तादाची जागा तो घेणार अशी भीती घातली जाते त्याच उस्तादाच्या हाताखाली आवाज कमवावा. उलट निवृत्तीला टेकलेल्या गुणी उस्तादाला, त्याच्या अनुभवाची कदर करून, वयाची व गुणांची अट शिथिल करून विद्यापीठाने प्रवेश द्यावा. दोहोंचे वितुष्ट निम्मे तेथेच मिटेल. पण हे सर्व झाले तरी शेवटी गाडी अडते ती मंत्रालयात. दलांच्या आकृतिबंधात ‘बलप्रशिक्षक’ नावाचे पद नाही, पद नाही म्हणून वेतनाची तरतूद नाही, तरतूद नाही म्हणून विद्यापीठ अभ्यासक्रम काढीत नाही, आणि अभ्यासक्रम नाही म्हणून पात्र माणसे मिळत नाहीत या सबबीवर पद निर्माण होत नाही. हे चक्र विद्यापीठाला फोडता येणार नाही. प्रत्येक महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात एक आणि प्रत्येक जिल्हा पोलीस मुख्यालयात एक, इतकीच पदे गृह व नगरविकास खात्यांनी प्रथम मंजूर करावीत.